सांगाडा एक, बॉडी अनेक : लिनक्सचा डेस्कटॉप निवडताना

विंडोज १० या प्रणालीसाठी नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आपल्या शाळांच्या संगणक कक्षांतली बरीच यंत्रे या चाळणीतून पार होत नाहीत. ती बिघडलेली नाहीत. त्यांचे कीबोर्ड चालतात, पडदे उजळतात, बेरजाही बरोबर येतात. तरी ती भंगारात काढायची, की सुधारणांविना तशीच धोका पत्करून चालवायची, असा पेच मुख्याध्यापकांपुढे आहे.

तिसरा मार्ग लिनक्सचा. तो पत्करायचे ठरवून एखादा उत्साही शिक्षक 'लिनक्स मिंट' उतरवून घ्यायला जातो, तोच त्याला विचारले जाते : सिनॅमन हवे, माते हवे, की एक्सएफसीई? पहिल्या शब्दाचा अर्थ दालचिनी. दुसरा म्हणजे दक्षिण अमेरिकेतले एक चहासारखे पेय. त्याचा खरा उच्चार 'माते' असल्याने मराठी माणसाला आईला हाक मारल्यासारखेच वाटते. तिसऱ्याचा तर अर्थही लागत नाही. उबंटूकडे गेले तर तिथे कुबंटू, झुबंटू, लुबंटू अशी भावंडे उभी असतात. 'एवढा गोंधळ असेल तर नकोच' म्हणून अनेक जण इथूनच परत फिरतात. काही जण जे पहिले दिसेल ते घेतात, ते जुन्या यंत्रावर रखडते, आणि मग 'लिनक्स आमच्याकडे चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. रखडलेले लिनक्स नसते; त्यावर चढवलेला डेस्कटॉप त्या यंत्राला जड झालेला असतो.

तेव्हा हा डेस्कटॉप म्हणजे काय, आणि तो एकच का नाही, हे आधी पाहू. निवड त्यानंतर बरीच सोपी होते.

पडद्यामागचे थर

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहिले तर फक्त गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्कवर कसे लिहायचे, ही गाभ्याची कामे. 'खिडकी', 'मेनू', 'आयकॉन' हे शब्द त्याच्या गावीही नाहीत. जगातले असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर डेस्कटॉप नसतोच. पडदाही जोडलेला नसतो.

गाभ्याच्या वर चित्र दाखवणारा थर येतो. लिनक्सच्या जगात हे काम दीर्घकाळ 'एक्स' या प्रणालीने केले. ती लिनक्सहूनही जुनी : अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाली, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. एक्स रचणाऱ्यांनी एक तत्त्व जाणीवपूर्वक पाळले होते, आणि आपल्या आजच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. पडद्यावर चौकट काढण्याची, अक्षर उमटवण्याची, माउसची हालचाल कळवण्याची साधने एक्स पुरवेल. पण खिडकीला मथळा असावा का, ती बंद करण्याची खूण डावीकडे असावी की उजवीकडे, मेनू कुठे असावा, हे एक्स ठरवणार नाही. विंडोज आणि मॅकिन्टॉशमध्ये हे सारे कंपनीने ठरवून दिले. एक्सने प्रश्न मोकळा सोडला. आणि मोकळ्या प्रश्नाला अनेक उत्तरे येणारच!

ही उत्तरे पुढच्या थरात आहेत. खिडक्या हलवणारा, लहानमोठ्या करणारा आणि त्यांना मथळ्याची पट्टी लावणारा एक प्रोग्राम असतो. खालची किंवा वरची पट्टी सांभाळणारा दुसरा, फाइली दाखवणारा तिसरा, आवाज-प्रकाश-कीबोर्ड यांच्या सेटिंगचा चौथा. बटणे आणि याद्या सगळीकडे सारख्या दिसाव्यात म्हणून या सर्वांनी वापरायचा एक सामाईक साचा असतो. या सगळ्या संचाला 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' असे भारदस्त नाव आहे. आपण नुसते डेस्कटॉप म्हणू.

आपल्या एस.टी.चे उदाहरण घेता येईल. कारखान्यातून इंजिन आणि चाकांसह नुसता सांगाडा यायचा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळांत त्यावर बॉडी बांधली जायची, ही पद्धत अनेकांना ठाऊक असेल. एकाच सांगाड्यावर साधी गाडीही होते आणि निमआरामही. प्रवाशाला दिसते ती बॉडी : आसने, खिडक्या, दार कुठे आहे ते. घाट चढवते ते इंजिन. मात्र प्रत्येक उपमेला मर्यादा असते. बसची बॉडी बदलायला गाडी कार्यशाळेत न्यावी लागते. लिनक्सवर मात्र दोन-तीन डेस्कटॉप एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी बसवता येतात. नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर एक छोटी खूण असते, तिथून आज कोणता डेस्कटॉप हवा ते निवडता येते. फाइली जिथल्या तिथे राहतात, कारण त्या डेस्कटॉपच्या मालकीच्या नसतातच. त्या वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये असतात.

ही गोष्ट कळली की निवडीची निम्मी भीती जाते. चुकीचा डेस्कटॉप घेतला म्हणून काही गमावत नाही. लिबरऑफिस, फायरफॉक्स, मुलांसाठीचे जीकॉम्प्री, मूलद्रव्यांची सारणी दाखवणारे कॅल्झियम, आकाशदर्शनाचे केस्टार्स, हे सर्व कोणत्याही डेस्कटॉपवर चालतात. यांतले काही केडीई या प्रकल्पाचे असले तरी ते वापरायला केडीईचाच डेस्कटॉप लागतो असे नाही. सोबत त्याच्या साच्याच्या काही फाइली उतरतात, एवढेच.

भांडणे आणि त्यांतून जन्मलेली मुले

१९९६ पर्यंत लिनक्सवरचे प्रोग्राम म्हणजे बारा गावचे बारा पाहुणे होते. एकाचा सरकपट्टा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. एकात मेनू डाव्या कळीने उघडायचा, दुसऱ्यात उजव्या. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिख याला हे खटकले, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली. सामान्य वापरणाऱ्याला सगळे एकसारखे दिसावे, हा उद्देश.

केडीईसाठी त्याने 'क्यूटी' हा नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचा साचा घेतला. तो चांगला होता, पण त्या वेळचा त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. मुक्त इमारतीचा पायाच दुसऱ्याच्या मालकीचा, हे अनेकांना पटले नाही. त्यामुळे ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला. पुढे २००० मध्ये क्यूटीही मुक्त परवान्याखाली आले. भांडणाचे कारण संपले. पण तोवर दोन घरे उभी राहिली होती आणि दोन्हींत माणसे राहायला आली होती. याच काळात, १९९६ मध्येच, फ्रान्सच्या ऑलिव्हिए फुर्दाँ याने एक्सएफसीईची सुरुवात केली. त्याचे बोधचिन्ह उंदीर आहे, आणि लहानखुरे असणे हा त्याचा स्वभाव आजही टिकून आहे.

दुसरे भांडण परवान्याचे नव्हते, सवयीचे होते. ते शिक्षकांना अधिक ओळखीचे वाटेल. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमने आपली तिसरी आवृत्ती काढली. खालची पट्टी गेली, मेनू गेला. पडदा जवळजवळ रिकामा. एक कळ दाबली की उघड्या खिडक्या आणि शोधपेटी समोर येणार, अशी नवी मांडणी. कल्पना वाईट नव्हती. पण वर्षानुवर्षे पट्टी आणि मेनू वापरून ज्यांचा हात बसला होता त्यांना ते आपल्याच घरात पाहुणे झाल्यासारखे वाटले. खुद्द टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती दाखवून एक्सएफसीई वापरायला घेतले, आणि काही काळाने ते पुन्हा ग्नोमकडे वळले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जुना स्रोत कुणीही उचलून पुढे नेऊ शकतो. ग्नोमची जुनी दुसरी आवृत्ती एका अर्जेंटिनी प्रोग्रामरने २०११ मध्येच पुढे चालवायला घेतली, ती 'माते'. लिनक्स मिंटच्या मंडळींनी ग्नोमचे नवे इंजिन ठेवून त्यावर जुन्या वळणाची बॉडी बांधली, ती 'सिनॅमन'. एलएक्सडीई आणि त्याचा वारस एलएक्सक्यूटी हे हलकेपणासाठी निघालेले वेगळे घराणे आहे. लुबंटूवर आज एलएक्सक्यूटी असते.

म्हणजे या नावांची गर्दी दिसते तितकी दिशाहीन नाही. प्रत्येक नावामागे कुणाचा तरी स्पष्ट आग्रह आहे.

आधी मेमरी मोजा

निवडताना लोक आधी छायाचित्रे पाहतात. माझ्या मते आधी यंत्र उघडावे, निदान त्याची मेमरी किती आहे ते पाहावे. सर्वांत हलका आणि सर्वांत भारी डेस्कटॉप यांच्या नुसत्या बसून खाण्यात काही शे मेगाबाइटचा फरक असतो. समजा तो ५०० मेगाबाइट आहे. २ जीबीच्या यंत्रात ही जवळजवळ पाव मेमरी झाली. ८ जीबीच्या यंत्रात मात्र सहा टक्के. कुणाला कळणारही नाही. म्हणून 'कोणता डेस्कटॉप हलका' या प्रश्नाला जुन्या यंत्रावर मोठा अर्थ आहे आणि नव्या यंत्रावर जवळजवळ काहीच नाही.

मेमरी संपली की नेमके काय होते? गाभा मेमरीतला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. मेमरीतून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कवरून मिळायला सुमारे १० मिलिसेकंद. गुणोत्तर काढा : एक लाख पट! मेमरी एक टक्का कमी पडली म्हणून यंत्र एक टक्का मंद होत नाही, ते एकाएकी गुडघे टेकते, याचे कारण हे. आणि यातून एक व्यावहारिक सल्ला निघतो. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर हा दहा मिलिसेकंदांचा काळ शंभरपट कमी होतो. मेमरीची एक पट्टी वाढवणे आणि लहानशी एसएसडी बसवणे, यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही डेस्कटॉपच्या अदलाबदलीने पडत नाही. शाळेला थोडाफार निधी मिळणार असेल तर तो इथे घालावा.

लिनक्स मिंटने स्वतः जाहीर केलेली गरज किमान २ जीबी आणि आरामात चालण्यासाठी ४ जीबी अशी आहे. उबंटूची २४.०४ ही आवृत्ती, जिच्यावर ग्नोम असते, किमान ४ जीबी मागते. माझा हिशेब असा : २ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, दुसरा विचारच नको. ४ जीबीला एक्सएफसीई, माते किंवा सिनॅमन. ८ जीबी आणि त्यापुढे जे आवडेल ते. मात्र २ जीबीच्या यंत्राकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. आजचा ब्राउझर चार-पाच पाने उघडली की एकटाच एक जीबीच्या पुढे जातो, आणि त्याला तुमचा डेस्कटॉप किती काटकसरी आहे याच्याशी कर्तव्य नसते. अशा यंत्रांवर टंकलेखन, चित्रकला, स्क्रॅच, जीकॉम्प्री चालवावे, आणि इंटरनेट एका वेळी एकच पान. यंत्र ३२ बिटांचे असेल तर अडचण निराळी आहे : बहुतेक लिनक्स वितरणांनी त्यांचा आधार सोडला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटांच्या पीसीसाठीची स्थापना-चकती मिळत नाही.

चित्रकार्डही पाहावे. ग्नोम, केडीईचा प्लाझ्मा आणि सिनॅमन हे खिडक्यांच्या सावल्या आणि हालचाली चित्रकार्डाकडून रंगवून घेतात. कार्ड फार जुने असेल किंवा लिनक्सला नीट ओळखता आले नाही, तर हे रंगकाम प्रोसेसरच्या गळ्यात पडते आणि मेमरी भरपूर असूनही माउस अडखळतो. एक्सएफसीई आणि माते यांत ही सजावट बंद करता येते.

समोर कोण बसणार?

यंत्राचा प्रश्न आकड्यांनी सुटतो. माणसाचा सुटत नाही. विंडोज ७ किंवा १० वर हात बसलेल्या शिक्षकाला सिनॅमन, माते, एक्सएफसीई आणि प्लाझ्मा यांत पहिल्या तासातच ओळखीचे वाटते : डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. मूळ ग्नोमवर खिडकी खाली दडवण्याचे बटणही नसते. उबंटूने मात्र आपल्या ग्नोमला ते बटण आणि बाजूची पट्टी लावून दिली आहे. ज्या मुलांनी मोबाइलखेरीज काही पाहिलेले नाही त्यांना ग्नोमची मांडणी उलट लवकर जमते. गंमत अशी की अवघड जाते ते शिक्षकालाच.

प्लाझ्मा हा माझ्या मते या सर्वांत सामर्थ्यवान डेस्कटॉप. त्यात काय वाटेल ते बदलता येते. संगणक कक्षात नेमकी तीच अडचण आहे. सातवीच्या वर्गातला एखादा संशोधक खालची पट्टी उचलून उजवीकडे लावतो, दुसरा ती काढूनच टाकतो, आणि पुढच्या तासाची मुले 'सर, मेनू कुठे गेला?' म्हणत बसतात. घाबरण्यासारखे यात काही नाही. या सेटिंग प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये लपलेल्या फाइलींत असतात. नवे खाते उघडले की पट्टी जागेवर. पण प्रत्येक तासाला खाती कोण उघडणार?

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर वरचे सगळे हिशेब बाजूला ठेवून ग्नोम किंवा माते घ्यावे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा 'ओर्का' हा प्रोग्राम त्यांच्याबरोबर चांगला जुळतो, आणि ई-स्पीक या वाचायंत्राला मराठीही येते. आवाज यांत्रिक आहे, पण समजतो.

मराठीची काळजी बऱ्याच जणांना असते, ती मात्र अनाठायी आहे. युनिकोड मराठी सर्व डेस्कटॉपवर सारखीच उमटते, कारण जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाची एक सामाईक लायब्ररी करते. ग्नोम आणि केडीई दोन्ही तीच वापरतात. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये 'इंडियन' किंवा 'मराठी' या नावाखाली मिळतो. 'लोहित' हे देवनागरी अक्षरवळण मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव यांत टंकलेल्या असतील तर त्या वाकड्या दिसतील, पण तो दोष डेस्कटॉपचा नाही. ती अक्षरवळणे युनिकोडपूर्वीची असून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावीशी वाटते. घरी हवे ते प्रयोग करा. कक्षातल्या सर्व यंत्रांवर एकच डेस्कटॉप ठेवा, भले त्यांतली दोन यंत्रे अधिक ताकदीची असोत. फळ्यावर लिहिलेली सूचना दहाही पडद्यांवर लागू पडली पाहिजे. केरळने शाळांसाठी हेच केले. तिथला आयटी@स्कूल प्रकल्प, जो २०१७ मध्ये 'काईट' ही सरकारी कंपनी झाला, शाळांना उबंटूवर आधारलेली स्वतःची एकच लिनक्स आवृत्ती देतो आणि पाठ्यपुस्तकेही तिला धरूनच असतात.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

नववी-दहावीच्या मुलांकडून ही निवड प्रत्यक्ष मोजून करवून घेता येईल. मिंटच्या तीन आवृत्त्या तीन पेनड्राइव्हवर घ्या आणि यंत्र पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. तिन्ही वेळा यंत्र एकच असू द्या. पेनड्राइव्हवरून चालताना मेमरीचा वापर डिस्कवर बसवल्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून पेनड्राइव्हची तुलना पेनड्राइव्हशीच करावी.

यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटे हात न लावता थांबा आणि सिस्टिम मॉनिटरमध्ये मेमरीचा आकडा वाचा. इथे विद्यार्थी हमखास अडतात. लिनक्स पडून असलेली मेमरी वाया घालवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली तो तिथे साठवून ठेवतो आणि कुणाला जागा हवी झाली की लगेच मोकळी करतो. म्हणून 'मोकळी' मेमरी फार थोडी दिसली तरी 'उपलब्ध' मेमरी भरपूर असू शकते. वहीत उपलब्ध मेमरी लिहावी. मग ब्राउझरमध्ये तिन्ही वेळा तेच एक पान उघडून पुन्हा आकडा घ्यावा. प्रत्येक मापन तीनदा करून सरासरी काढावी.

शेवटी लिबरऑफिस रायटर उघडायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, ते बंद करा आणि लगेच पुन्हा उघडून पुन्हा मोजा. दुसरी वेळ पहिलीपेक्षा बरीच कमी येईल. कारण आधी सांगू नका. 'मोकळी' आणि 'उपलब्ध' या दोन आकड्यांकडे मुलांना परत एकदा बघायला सांगा.